गुन्हा रक्तांत असतो काय?

घरांतील एकादी मोलाची वस्तु हरवली म्हणजे त्या घराचें खरें अंतरंग बाहेर पडतें. ती सांपडेपर्यंतच्या दोन-चार घटकांत घरचीं माणसें कोणाकडे संशयानें पाहतात आणि कोणाकडे पाहावयाचें मनांतहि आणीत नाहींत, हें ज्यानें नीट न्याहाळलें असेल त्याला गुन्हेगारीचें शास्त्र शिकण्यासाठीं फार दूर जावें लागणार नाहीं. आमचा या विषयाचा पहिला धडा असाच आमच्या ओसरीवर झाला.

गोष्ट १९६४ सालची. आमच्या धाकट्या चुलतभावाची मुंज आठ दिवसांवर आली होती व घर पाहुण्यांनीं भरून गेलें होतें. अशा गर्दींत देवघरांतील पणजोबांच्या वेळची चांदीची वाटी दिसेनाशी झाली. त्या सकाळीं सुया-बिब्बे विकणारी एक बाई कडेवर पोर घेऊन ओसरीच्या पायरीवर टेकली होती. तिनें पाणी मागितलें, आत्यानें तें वरून तिच्या ओंजळींत घातलें, आणि ती पुढच्या आळींत निघून गेली. वाटी नाहीं असें कळतांच साऱ्या घराला एकदम ती बाई आठवली. घरांत त्या दिवशीं आचारी होता, मांडववाला येऊन गेला होता, वीस-बावीस आप्त उतरले होते. पण त्यांच्यापैकीं कोणाचें नांव कोणाच्या ओठांवर आलें नाहीं. आजी म्हणाली, "अरे, त्यांच्या रक्तांतच असतें तें!" आणि थोरले काका टोपी घालून पोलीसचौकीवर गेले.

संध्याकाळीं ती बाई नदीकाठच्या पालांतून धरून आणण्यांत आली. दोन रात्री ती चौकीवर होती व तिच्याबरोबर तें कडेवरचें पोरहि होतें. तिसऱ्या दिवशीं अक्षतांसाठीं तांदूळ काढावे म्हणून आत्यानें पिंपांत हात घातला, तों वाटी तिच्या हाताला लागली! आजीनेंच ती तांदूळ मापण्यास घेतली होती आणि ती तांदळांतच विसरली होती. काका पुन्हां चौकीवर जाऊन आले, बाई सुटली. तिची क्षमा मागावी असें आमच्या घरांत कोणासहि सुचलें नाहीं. मुंज मात्र थाटानें झाली.

ती बाई कोणत्या जमातीची होती, हें घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. ती भटकी, एवढेंच सर्वांस ठाऊक होतें, आणि तेवढें पुरेसें झालें. पुढें कायद्याचीं व समाजशास्त्राचीं पुस्तकें वाचूं लागल्यावर आम्हांस कळून आलें कीं, आजीचें तें वाक्य आजीचें नव्हतेंच. मोठमोठ्या विद्वानांच्या व राज्यकर्त्यांच्या मुखांतून फिरत फिरत तें आमच्या ओसरीवर येऊन पोंचलें होतें. त्या वाक्याचा प्रवास वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

इटलींत चेझारे लोंब्रोझो (१८३५–१९०९) या नांवाचा एक वैद्य होऊन गेला. गुन्हेगारीच्या शास्त्राचा जनक म्हणून त्याचें नांव घेण्याची रीत आहे. त्यानें तुरुंगांतील कैद्यांचीं डोकीं, कान, जबडे व हात मोजले. एका चोराची कवटी तपासतांना तिच्या मागील भागीं आंतल्या बाजूस त्याला एक खळगा आढळला. असा खळगा खालच्या प्राण्यांत दिसतो, माणसांत क्वचितच दिसतो. त्या अर्थीं जन्मजात गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीच्या वाटेवर मागें राहून गेलेला माणूस होय, असें अनुमान त्यानें बांधलें. गुन्हेगार मनुष्यावरील त्याचा ग्रंथ १८७६ सालीं प्रसिद्ध झाला व युरोपभर गाजला. गुन्ह्याकडून गुन्हेगाराकडे शास्त्राची दृष्टि वळविली, हें त्याचें श्रेय कोणी नाकारणार नाहीं. परंतु लोकांच्या लक्षांत राहिला तो खळगा!

या मताची कसून परीक्षा इंग्लंडांतील चार्ल्स गोरिंग या तुरुंगाच्या वैद्यानें केली. सुमारे तीन हजार कैद्यांचीं मापें घेऊन तीं विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या व सैनिकांच्या मापांशीं ताडून पाहण्यांत आलीं. १९१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शरीराच्या ठेवणीवरून ओळखतां यावा असा गुन्हेगारांचा निराळा वर्ग कोठेंच नाहीं, असा तो निष्कर्ष होता. चोराचा कान आणि पदवीधराचा कान यांत भेद दाखवितां येईना.

पण आमच्या देशांतील राज्यकर्ते लोंब्रोझोच्या ग्रंथाचीहि वाट पाहत बसले नव्हते. तो ग्रंथ निघण्याच्या पांच वर्षें आधीं, म्हणजे १८७१ सालीं, 'गुन्हेगार जमातींचा कायदा' मंजूर झाला होता. त्याच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद मोठा विचार करावयास लावणारा आहे. या देशांत सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो. त्याचप्रमाणें कांहीं जातींचा परंपरागत धंदाच गुन्ह्याचा असला पाहिजे, आणि त्या जातींत जन्मलेलें मूल तोच धंदा करणार, असें त्यांचें म्हणणें होतें. युक्तिवाद परक्या साहेबांचा खरा. परंतु त्याची सामग्री आमच्याच घरची होती, हें आम्हीं विसरतां कामा नये. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याची सवय त्यांनीं आमच्यापाशीं तयारच पाहिली आणि तिला कायद्याचें रूप दिलें.

यांतील एक विरोध तर फारच चमत्कारिक आहे. त्या वेळीं हिंदुस्थान सरकारच्या मंत्रिमंडळांत कायदेविषयक सभासद जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे होते. त्यांच्याच हातून पुढच्या वर्षीं, १८७२ सालीं, साक्षीपुराव्याचा प्रसिद्ध कायदा तयार झाला. आरोपीचें शील वाईट आहे एवढ्यावरून त्यानें हा गुन्हा केला असें धरतां येणार नाहीं; तसेंच पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहीं, अशीं उदार तत्त्वें त्या कायद्यांत आहेत, आणि २०२४ सालीं अमलांत आलेल्या नव्या साक्ष अधिनियमानेंहि तीं पुढें चालविलीं आहेत. म्हणजे न्यायमंदिरांत उभ्या राहिलेल्या आरोपीच्या दुष्कीर्तीकडे न्यायाधीशानें डोळेझांक करावी, आणि न्यायमंदिराबाहेर उभ्या जमातीला मात्र नुसत्या दुष्कीर्तीवरून बांधून ठेवावें, अशा दोन गोष्टी एकाच राजवटीनें एका वर्षाच्या अंतरानें केल्या. पहिली गोष्ट आपल्यासारख्यांसाठीं होती, दुसरी त्यांच्यासाठीं होती.

या कायद्याचें स्वरूप काय होतें? सरकारनें एकाद्या जमातीचें नांव जाहीर केलें कीं, तिच्यांतील माणसांनीं सरकारी पटावर नांवें नोंदवावयाचीं; ठराविक वेळीं हजेरी द्यावयाची; परवान्यावांचून गांवाबाहेर जावयाचें नाहीं; आणि हें मोडल्यास शिक्षा भोगावयाची. जाहीर झालेलें नांव बरोबर कीं चूक, हें विचारण्याचा अधिकार कोणत्याहि न्यायालयास ठेवलेला नव्हता. प्रथम हा कायदा उत्तरेकडील प्रांतांत चालू झाला. १८९७ च्या दुरुस्तीनें आईबापांपासून मुलें तोडून त्यांना निराळ्या सुधारगृहांत ठेवण्याचीहि सोय झाली. १९११ सालीं नवा कायदा होऊन तो मुंबई व मद्रास इलाख्यांनाहि लागूं झाला व बोटांचे ठसे घेण्याची तरतूद त्यांत आली. १९२४ सालीं हे सारे नियम पुन्हां एकत्र करण्यांत आले. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर येथें या लोकांच्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरास तारेच्या कुंपणाआंत राहावयाचें, गिरणींत कामास जावयाचें व हजेरीच्या वेळीं परत यावयाचें, असा क्रम कित्येक कुटुंबांच्या पिढ्यांनीं काढला. त्या वस्तीला सोलापूरकर 'सेटलमेंट' म्हणत आले आहेत.

आतां कोणी म्हणेल कीं, या जमातींत चोऱ्या करणारे मुळींच नव्हते काय? होते. पण ते कां होते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर रक्तांत शोधण्यापेक्षां जमाखर्चांत शोधलें पाहिजे. लमाण लोक बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ देशभर वाहून नेत. फौजा त्यांच्या भरंवशावर कूच करीत. १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली, १८६३ सालीं ती बोरघाट चढून गेली, आणि बैलाच्या पाठीवरचा धंदा हळूहळू बसला. पारधी रानांत फांसे लावून पोट भरीत. १८७८ च्या कायद्यानें राखीव जंगलें झालीं, आणि काल जें पोट भरणें होतें तें आज बेकायदा ठरलें. ज्याचा धंदा गेला, ज्याला जमीन नाहीं, गांवांत घर नाहीं, त्याला मजुरी तरी मिळावी! पण रोज हजेरी देणाऱ्या व बाहेर जाण्यास परवाना लागणाऱ्या माणसाला कामावर कोण ठेवणार? ज्याच्या नांवापुढें सरकारनेंच 'गुन्हेगार' लिहिलें त्याच्या हातीं धान्याची कोठी कोण सोंपवील? प्रथम त्याची प्रामाणिक वाट बंद करावयाची, आणि मग तो दुसऱ्या वाटेनें गेला म्हणून त्याच्या रक्ताला दोष द्यावयाचा, असें हें चक्र होतें.

गुन्हेगारीच्या अभ्यासकांनीं गेल्या शतकांत या विषयाला जी नवी दिशा दिली, तींत एक नांव आमच्या वाचकांनीं अवश्य लक्षांत ठेवावें. अमेरिकेंतील एडविन सदरलंड (१८८३–१९५०) या समाजशास्त्रज्ञानें असें मांडलें कीं, गुन्हा जन्मानें येत नाहीं, तो शिकला जातो. ज्या मंडळींत माणूस वावरतो तेथें कायदा मोडण्याला जो मान किंवा जी क्षमा मिळते, तींतून तो शिकतो. एवढ्यावर न थांबतां १९३९ सालीं त्यानें आपल्या विद्वान बांधवांपुढें एक निराळाच प्रश्न टाकला. गुन्ह्याचें कारण दारिद्र्य व हलकें कुळ हेंच असेल, तर स्वच्छ कपडे घालणाऱ्या, सुशिक्षित, प्रतिष्ठित लोकांच्या अफरातफरींना काय म्हणावयाचें? त्यानें ७० मोठ्या व्यापारी मंडळ्यांचे व्यवहार तपासले आणि १९४९ सालीं आपला ग्रंथ छापला. त्यांतील मंडळ्यांचीं नांवें मात्र प्रकाशकाच्या आग्रहास्तव गाळावीं लागलीं. तो संपूर्ण स्वरूपांत बाहेर येण्यास १९८३ साल उजाडलें! सदरलंडनें या गुन्ह्यांना जें नांव दिलें, त्यासाठीं मराठींत आधींच एक चपखल शब्द आहे: पांढरपेशा. पतपेढीचे पैसे खाणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाविषयीं आपण म्हणतों, "मोहाला बळी पडला बिचारा." त्याच्या रक्तांतच तें असतें, असें आपण म्हणत नाहीं, कारण तें रक्त आपलेंच असण्याचा संभव असतो.

ज्या १९३९ सालीं सदरलंडनें हा प्रश्न विचारला, त्याच सालीं आमच्या महाराष्ट्रांत एका लहानशा संस्थानानें दुसऱ्या एका प्रश्नाचें उत्तर प्रत्यक्ष देऊन दाखविलें. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं, मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाच्या प्रेरणेनें, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची वसाहत वसविली. खुनासारख्या भयंकर गुन्ह्यांसाठीं शिक्षा झालेले कैदी तेथें आणण्यांत आले. भिंत नाहीं, साखळदंड नाहीं. कसावयास जमीन आणि सोबत बायकामुलें. विश्वास टाकल्यास माणूस त्याला जागतो कीं नाहीं, याची ती परीक्षा होती. स्वातंत्र्योत्तर काळांत ती वसाहत सरकारच्या कारागृह खात्याकडे आली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागें हाच प्रयोग आहे. चित्रपट पाहून डोळे पुसलेल्या आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक असेल कीं, ती कल्पना नव्हती, माणदेशांतील सत्य होतें?

स्वातंत्र्यानंतर, १९५२ सालच्या ३१ ऑगस्ट रोजीं, गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. म्हणूनच त्या जमाती तो दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. महाराष्ट्राच्या यादींत १४ विमुक्त जाति आहेत. परंतु कायदा पुसला तरी संशय पुसला गेला नाहीं. 'सराईत गुन्हेगारां'विषयींचे नवे कायदे प्रांतोप्रांतीं झाले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. जुनी नजर नव्या नियमांतून पाहूं लागली. लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' हें आत्मकथन १९८७ सालीं आलें व पुढच्या वर्षीं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तें ज्यांनीं वाचलें आहे त्यांना ही नजर आंतल्या बाजूनें कशी दिसते, हें सांगावयास नको.

ही नजर कोठवर नेते, याचें एक उदाहरण देतों. २००३ सालच्या जून महिन्यांत नाशिक परिसरांत एका कुटुंबावर अत्यंत अमानुष दरोडा पडला. माणसें मारलीं गेलीं, स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीच्या सहा गरीब मजुरांना पकडण्यांत आलें. २००६ सालीं सत्र न्यायालयानें सहाही जणांस फांशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयानें तिघांची फांशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां सहाही जणांस फांशी दिली. पुढें तोच निर्णय त्याच न्यायालयानें मागें घेतला, प्रकरण नव्यानें ऐकलें, आणि ५ मार्च २०१९ रोजीं सहाही जण निर्दोष सुटले! वांचलेल्या साक्षीदार स्त्रीनें पोलिसांकडील छायाचित्रांतून आरंभीं दुसऱ्याच चार माणसांना ओळखलें होतें, आणि त्या दिशेनें तपासच झाला नव्हता, असें दिसून आलें. आरोपी भटक्या जमातीचे, समाजाच्या तळच्या थरांतील गरीब मजूर असल्यामुळें त्यांना खोटें गोवलें जाण्याचा संभव नाकारतां येत नाहीं, असेंहि न्यायालयानें नमूद केलें व राज्य सरकारनें प्रत्येकास ५ लाख रुपये द्यावे असा आदेश दिला. सोळा वर्षांचा तो हिशेब! आणि ज्यांच्या घरीं तें भीषण कृत्य घडलें त्यांना तरी न्याय कोठें मिळाला? संशय चुकीच्या माणसावर बसला म्हणजे खरा गुन्हेगार त्याच क्षणीं सुटतो, ही गोष्ट शिक्षेसाठीं उतावीळ झालेल्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी.

हें एकट्या प्रकरणापुरतें नाहीं. २०२२ सालच्या अखेरीस देशांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२, म्हणजे शेंकडा सुमारे ७६, गुन्हा शाबीत न झालेलीं, खटल्याची वाट पाहणारीं होतीं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आणखी एक निर्णय दिला. तुरुंगांत जात पाहून कामें वांटण्याचे व विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याचे तुरुंग-नियमावल्यांतील नियम घटनाबाह्य ठरविण्यांत आले व कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश झाला. कायदा रद्द झाल्यावर ७२ वर्षांनीं हें सांगावें लागलें, यावरून त्या जुन्या वाक्याचा जीव किती चिवट आहे हें दिसतें.

आमचे वाचक म्हणतील, हें सारें पोलिसांचें व न्यायाधीशांचें काम; गृहस्थाश्रमी माणसाचा येथें काय संबंध? संबंध असा कीं, चौकीवर जाणारी पहिली वार्ता घरांतूनच निघते. फिर्याद देणाराच जर पाहिलेलें व तर्कानें बांधलेलें यांत फरक करीत नसेल, तर पुढील साऱ्या यंत्रणेचें पहिलें पाऊलच वांकडें पडतें. म्हणून वस्तु हरवल्यास आधीं सारें घर शोधावें. ती शेवटीं कोणीं, केव्हां पाहिली हें लिहून काढावें. फिर्याद द्यावयाचीच तर जें डोळ्यांनीं दिसलें तेवढेंच सांगावें, आणि आपली चूक ध्यानांत आल्यास स्वतः जाऊन, ज्याला त्रास झाला त्याच्यासमोर, ती कबूल करावी. न्यायाधीशाला साक्षीपुराव्याचा जो नियम बांधतो, तो कुटुंबप्रमुखानें आपल्या ओसरीवर पाळावयास कोणाची हरकत आहे? घरांतील मुलें अशा वेळीं सारें पाहत असतात. आम्हीहि पाहिलें होतें.

त्या मुंजीनंतर साधारण वर्षानें एके दुपारीं आळींत पुन्हां "सुया घ्या, दाभण घ्या" अशी हांक आली. बाई निराळी होती. पहिली पुन्हां कधींच दिसली नाहीं. आजी माजघरांतून उठून बाहेर आली, तिला ओसरीवर बसविलें, स्वतः तांब्या-भांडें आणून तिच्यापुढें ठेवलें, आणि नको असतांना सुयांच्या चार पुड्या विकत घेतल्या. "एवढ्या कशाला, आजी?" असें आम्हीं विचारलें. आजी म्हणाली, "असूं देत रे. लागतात कधीं कधीं." त्यानंतर रक्ताचें तें वाक्य आम्हीं तिच्या तोंडून कधींहि ऐकलें नाहीं. त्या पुड्यांपैकीं दोन अजून तिच्या शिवणाच्या डब्यांत तशाच आहेत, न फोडलेल्या.